जुळवलेली तांबडी

ठाण्याच्या बाजारात माझ्या काकाबद्दल म्हणायचे, याची जीभ सोन्याची आहे. सणाला, लग्नाला, मुलाच्या बाप्तिस्म्याला आमच्या दुकानातली तांबडी वाइन आली की म्हातारी माणसं पेला उजेडाकडे धरत, एक घोट घेत, आणि काकाच्या पाठीवर थाप मारत. काका मान खाली घालून हसायचा. त्याचं ते नम्र हसणं मला अजून दिसतं आणि अजून माझ्या मुठी वळतात. मी तेव्हा दाराआड उभी असायचे. ती जीभ माझी होती.

दुकान आमचं स्टेशनाकडून तलावाकडे येणाऱ्या रस्त्यावर. पुढे बिस्किटांचे डबे, मेणबत्त्या, साबण, डब्यातलं लोणी. मागे जाड भिंतींची, एका झरोक्याची खोली, आणि तिथे लाकडी ओंडक्यांवर आडवी ठेवलेली वाइनची पिंपं. परवाना बाबांच्या नावावर होता. बाबा तीन देशांच्या वाइन आणून त्यांची एक करायचे. दुकानात तिला ‘जुळवलेली’ म्हणत. गिऱ्हाईक नुसतं ‘जुळवलेली द्या’ म्हणालं की काय हवं ते कळायचं.

मी वांद्र्याला नन्सच्या शाळेत राहून शिकत होते. एका सुटीत घरी आले तेव्हा बाबा मोठ्या तापातून उठले होते. हाडं दिसत होती, पण ते भरून येणार होतं. नाक मात्र गेलं ते गेलंच. आईने तव्यावर बोंबील जाळले तरी बाबा शेजारी बसून शांतपणे पेज पीत होते. त्या दिवशी आईने माझ्याकडे पाहिलं आणि जळका तवा खाली उतरवला.

पुढल्याच आठवड्यात बाबांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. दोन पेल्यांत तळाशी थोडी थोडी वाइन होती. म्हणाले, “जरा बघ गो बाय, काय म्हणतायत या.” मी बुजरी. घरच्यांपुढेसुद्धा मोठ्याने बोलायची मला सवय नव्हती. पण तिथे अंधार होता आणि बाबा माझ्याकडे न बघता पेल्याकडे बघत होते, म्हणून बोलता आलं. एकीला पाऊस थांबल्यावर सुकायला घातलेल्या दोरखंडाचा वास येतो, म्हटलं, आणि दुसरीला जांभळाच्या सालीचा, पण चव लगेच पळून जाते. बाबांनी तेव्हा वर पाहिलं. मग तिसरा पेला भरला.

त्या सुटीपासून दुकानातली जुळवलेली मी जुळवायला लागले. शाळा संपल्यावर तर दर महिन्याला. पिंपांपाशी मी, आणि पुढे गिऱ्हाइकांपुढे काका. हे असं कुणी ठरवलं नाही. बाबा काकाला म्हणाले, तू पुढे बस, आणि काका बसला. तो दिवसभर चिरूट ओढायचा. त्याच्या जिभेला चहा आणि काढा यांतला फरकही कळला असता की नाही, शंकाच आहे. पण लग्न व्हायच्या वयाची पोरगी दारूच्या पिंपाशी तोंड लावते हे बाजारात कळलं असतं तर दुकानही गेलं असतं आणि पोरगीही घरात राहिली असती. असं आई म्हणायची. ती खोटं बोलत नव्हती, आणि म्हणून मला तिचा जास्त राग यायचा.

जुळवणं म्हणजे काय हे मला इथे सांगायचं आहे, कारण ज्यांनी काकाच्या पाठीवर थापा मारल्या त्यांतल्या एकालाही ते माहीत नव्हतं.

पोर्तुगालची यायची ती गोव्यावरून. जाड, काळसर, उजेडात धरली तरी पलीकडचं दिसू न देणारी. जिभेवर ती घोंगडीसारखी बसायची, पण वास तिला जवळजवळ नाहीच. फ्रान्सची मुंबईच्या व्यापाऱ्याकडून यायची. ती पातळ. पेला नाकाशी नेला की वाटायचं आता काहीतरी सुंदर होणार, आणि घोट गिळेपर्यंत संपलेली असायची. उंबऱ्यावरूनच परत जाणाऱ्या पाहुणीसारखी. तिसरी इटलीची. एकटी प्यायली तर दात आंबायचे. ती कुणी विकतही घेतली नसती. पण तिच्यावाचून पहिल्या दोघी एकत्र आल्या की गोडसर, जड, झोपाळू व्हायच्या. इटलीची थोडी घातली की जाग यायची. आधी फ्रान्सचा वास यायचा, मग पोर्तुगालचं अंग तोंडभर पसरायचं, आणि गिळल्यावर मागे एक धार राहायची, जिच्यामुळे हात पुन्हा पेल्याकडे जायचा. तिघींपैकी एकीतही ही चव नव्हती. हेच तिचं मोठेपण. ती कुठल्या शेतात पिकली नव्हती. ती आमच्या झरोक्याच्या खोलीत झाली होती.

प्रमाण ठरलेलं नव्हतं. प्रत्येक पिंप वेगळं. या खेपेची फ्रान्सची जास्त आंबट, त्या खेपेची पोर्तुगालची उन्हात बोटीवर पडून राहिल्याने शिजल्यासारखी. दर वेळी पहिल्यापासून शोधायचं. आणि जुळवल्यावर लगेच बाटलीत भरायची नाही. लाकडात तिला मुरू द्यायचं. पहिल्या दिवशी तिघी वेगवेगळ्या बोलतात आणि कानाला त्रास होतो.

आमच्या प्रत्येक घरात उन्हाळ्यात मिरच्या भाजून कुटतात, त्यांत किती जिन्नस पडतात ते त्या घरच्या बाईलाच ठाऊक, आणि तो मसाला बाटल्यांत ठासून वर्षभर पुरवतात. एका घरचा मसाला दुसऱ्या घरासारखा नसतो. त्याला कुणी भेसळ म्हणतं का? मसाला चांगला की नुसती मिरची चांगली असं कुणी विचारतं का? पण वाइन मिसळली की लोकांच्या कपाळाला आठी पडते. कल्याणच्या रेल्वेचा एक साहेब एकदा मडमेला घेऊन दुकानात आला होता. काका जेवायला गेला होता, म्हणून मी हिशेबाला बसले होते. मडमेने विचारलं, ही कुठली? साहेब इंग्रजीत म्हणाला, हे लोक सगळ्यात सगळं मिसळतात, स्वतःचं रक्तसुद्धा; प्रामाणिक वाइन एकाच जमिनीची असते. मला इंग्रजी कळतं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. मग त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, या देशात प्यायलेल्यांत ही सगळ्यात चांगली. आणि पेटी भरून घेऊन गेला.

शाळेत फ्रान्सची एक नन होती, भरतकाम शिकवायची. तिच्या वडिलांचा द्राक्षांचा मळा होता. तिने मला सांगितलं होतं की तिच्या गावात चांगली म्हणून जी वाइन नावाजतात ती तीन-चार जातींच्या द्राक्षांची मिसळूनच करतात, आणि एका जातीची पितो तो घाईत असतो. त्या साहेबाला हे त्याच्याच भाषेत ऐकवावं असं मला वाटलं. मी सुटे पैसे मोजून दिले आणि खाली बघत राहिले.

त्या दिवशी रात्रीची जेवणं झाल्यावर मी बाबांना म्हटलं, घरच्यांना तरी सांगा. मावश्यांना, मामांना. बाहेर नको. ते म्हणाले, “सांगून काय होणार गो? तुला माहीत आहे, मला माहीत आहे.” मी म्हटलं, काकाला पण माहीत आहे आणि तरी तो थापा घेतो. बाबा हसले. गिऱ्हाइकांबरोबर हसायचे तसे. त्या हसण्याला मी फार ओळखून होते. गिऱ्हाईक काहीही बोललं, विनोद असो वा अपमान, बाबा ते हसून दुकानाबाहेर पोचवायचे. त्या दिवशी त्यांनी मला तसं बाहेर पोचवलं.

मग माझं लग्न ठरू लागलं. मुलगा कल्याणला रेल्वेच्या कचेरीत होता, घर भाईंदरकडचं, शेती आणि थोडी मिठागरं. मला तो वाईट वाटला नाही. तोही माझ्यासारखा गप्प. त्याच्या बापाने मात्र पहिल्याच भेटीत काकाचा हात धरला आणि म्हणाला, “साखरपुड्याला जुळवलेली पाहिजे हां. मुलगी दिली नाहीत तरी चालेल, वाइन द्या.” सगळे हसले. काका म्हणाला, “तुमच्यासाठी खास जुळवतो. अशी जुळवतो की विचारू नका.”

मी स्वयंपाकघरात कपबशा पुसत होते. बशी माझ्या हातात फुटली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. माझ्याच साखरपुड्याची वाइन मीच जुळवायची, आणि तिचं कौतुक होताना मीच डोक्यावर पदर घेऊन बसायचं, आणि पाठ काकाने पुढे करायची.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मागच्या खोलीची किल्ली माझ्यासमोर धरली. मी म्हटलं, या वेळी नाही. त्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. त्या पुढच्या दिवशीही मी गेले नाही, आणि त्यानंतरही. शेवटी बाबांना कळलं. मी एवढंच म्हटलं की त्या दिवशी, सगळ्यांपुढे, ही कुणी जुळवली ते सांगणार असाल तर आज जाते. ते आईकडे बघायला लागले. आई म्हणाली, “असल्या दिवशी हे काय काढलंस? त्या लोकांना पळवून लावायचंय का?” किल्ली काकाने घेतली. म्हणाला, “त्यात काय एवढं. तीन माप काळी, दोन पातळ, एक आंबट. मी बघितलंय की.”

त्याने बघितलं होतं ते एका खेपेचं प्रमाण. तेवढं त्याला पुरलं.

आमच्याकडे लग्नाच्या घरातलं पाणी मोठ्या तांब्याच्या घंगाळात भरतात. ते आजीच्या लग्नातलं, खांद्याला दोघांनी दांडा लावून उचलायचं एवढं मोठं. पाण्याखेरीज त्याला दुसरं काम नाही, म्हणून आतली कल्हई कधीच उडून गेलेली, आणि पुन्हा करून घ्यायची कुणाला आठवण नाही. काकाने ते चिंचेने घासून लखलखीत केलं. साखरपुड्याची वाइन त्यात जुळवायची, मंडपात मध्यभागी मांडायची, आणि पळीने वाढायची. शुभ भांडं, शिवाय डोळ्यात भरणारं. दोन दिवस आधी त्याने तिन्ही वाइन त्यात ओतल्या, वर पांढरं फडकं बांधलं आणि सगळ्यांना दाखवत फिरला. मला तो मंडपाकडे फिरकू देत नव्हता. नवरीने बघायचं नाही, म्हणाला. तसा रिवाज कुठेच नाही.

साखरपुड्याच्या दिवशी पाहुणे आले. पाद्रींनी प्रार्थना म्हटली. मला आणून बसवलं. फडकं सोडलं आणि पळी आत गेली, तसा मला वास आला.

ज्याने कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ठेवलेलं ताक एकदा तोंडाला लावलं आहे त्याला तो वास सांगायला नको. कळकलेलं. आंबट पदार्थ तांब्यापितळेत राहिला की कळकतो, हे आमच्याकडे लहान पोरींना भांडी घासताना शिकवतात, आणि वाइन काही ताकाहून कमी आंबट नसते. काका पुरुष होता. त्याला भांडी कुणी घासायला लावली नव्हती. मी बसल्या जागेवरून घंगाळाच्या कडेकडे पाहिलं. जिथे वाइन टेकली होती तिथे एक हिरवट रेघ होती.

पहिला पेला रीतीप्रमाणे मुलाच्या आजीपुढे गेला. ती घरातली सगळ्यात थोर. तिने घोट घेऊन बरं म्हटलं की शब्द पक्का व्हायचा. ती इतकी थकलेली होती की पेला दोन्ही हातांनी धरावा लागत होता. माझ्या मनात एक क्षण असं आलं की पिऊ दे. त्यांना कळू दे सोन्याची जीभ कशी असते. पण ती म्हातारी पेला वर नेत होती, आणि तिने माझं काही वाईट केलं नव्हतं.

मी म्हटलं, “पिऊ नका. कळकलीय ती.”

मंडपातल्या कुणी माझा आवाज आधी कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे कोण बोललं ते लोकांना आधी समजेना. म्हातारीने पेला खाली घेतला. काका हसला. पोर घाबरलीय, म्हणाला. पोर्तुगालची अशीच लागते. त्याने स्वतःचा पेला भरला आणि सगळ्यांना दिसेल असा एका दमात प्यायला. त्याच्या तोंडावर काही उमटलं नाही. कसं उमटेल?

मुलाचा बाप माझ्याकडे बघत होता. म्हणाला, “न चाखता कसं कळलं हिला?”

आई लगेच पुढे झाली. वासावर कळतं हो, म्हणाली, ताकाचं नाही का आपल्याला कळत, पोर स्वयंपाकघरात हुशार आहे. बायकांनी माना हलवल्या. एकीने घंगाळात वाकून पाहिलं आणि खरंच कळकलीय म्हणाली. काम झालं होतं. मी हुशार, संसारी, ताक ओळखणारी मुलगी ठरत होते. वाइन ओतून दिली असती, दुकानातून दुसऱ्या बाटल्या आणल्या असत्या, आणि ती वाइनही मीच जुळवलेली असती, आणि त्याच पाठीवर थाप पडली असती. काका रुमालाने ओठ पुसत होता आणि थाप घ्यायला जणू तयारच उभा होता.

मी उठून उभी राहिले. “दुकानातली वाइन मी जुळवते,” म्हटलं. “इतकी वर्षं तुम्ही प्यायलात ती माझ्या जिभेची. ही काकांनी जुळवली.”

मला वाटलं होतं की हे बोलल्यावर बरं वाटेल. बरं वाटलं नाही. राग तसाच छातीत, फक्त आता सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा घंगाळाकडे बघत होते. मुलगा, तो गप्प बसणारा मुलगा, आपल्या बुटांकडे बघत होता. त्याच्यावर मला सगळ्यांत जास्त राग आला, कारण तसं बसणं मला चांगलं माहीत होतं.

भाईंदरचे लोक भांडले नाहीत. जेवले, आईच्या हातच्या वड्यांना चांगलं म्हणाले आणि निघाले. आठवड्याने एका मावशीकडून निरोप आला की पिणारी मुलगी त्यांच्या घरात चालायची नाही. त्या मावशीने तो निरोप सांगताना माझ्याच हातच्या वाइनचा पेला संपवला. काका दोन दिवस परसात ओकत होता. मला त्याची दया आली नाही. घरात माझ्याशी कुणी नीट बोलेना. आई बोलायची ती भांड्यांशी, आणि भांडी आपटून.

पुढल्या महिन्याची वाइनही काकानेच केली. लाकडी पिंपात केली, तेवढं तो शिकला होता. तीन माप, दोन माप, एक माप. कल्याण स्टेशनात साहेब लोकांच्या खाणावळीत आमची वाइन जायची. तिथला बटलर गोव्याचा, जाडा, गप्पिष्ट माणूस. तो एका सकाळी पेट्या घेऊनच दुकानात आला. साहेबांनी परत धाडल्या, म्हणाला. शाई प्यायला देतोस का म्हणून मला फाडून खाल्लं.

बाबांनी त्याला बसवलं. मी आतल्या दारापाशी शिवण घेऊन बसले होते. बाबा आत आले, माझ्या शिवणावर किल्ली ठेवली आणि परत वळले. मी किल्लीला हात लावला नाही. “आधी सांगा,” म्हटलं. हळूच म्हटलं, पण त्यांना ऐकू गेलं. ते तिथेच थांबले.

बटलर बाहेरून बाबांना, मालकाला हाक मारावी तसा, ओरडत होता. “पात्रांव, पहिली कोणी केली होती ती सांगा ना. तोच माणूस पाहिजे.” काका गल्ल्यापाशी होता. त्याने तोंड उघडलं.

बाबा म्हणाले, “ती माझी मुलगी जुळवते.”

बटलर हसायला लागला. पोट धरून हसला. मुलगी, म्हणाला, आणि पुन्हा हसला, आणि हसता हसता बाबांकडे बघायला लागला, त्यांनीही हसावं म्हणून. बाबांच्या ओठांची कड हलली. मला ती हलताना दिसली. आयुष्यभराची सवय होती ती. मी सुई कापडात खुपसून वाट बघत राहिले.

बाबा हसले नाहीत. “हसण्यासारखं काय आहे त्यात?” ते म्हणाले.

बटलरचं हसू एकटंच पडलं आणि हळूहळू थांबलं. त्याने टोपी काढून पुन्हा घातली. मग साहेबाला मी काय सांगू, असं त्याने बाबांना विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

“तेच सांगा,” मी म्हटलं.

तो गेल्यावर काका चिरूट पेटवून रस्त्यावर जाऊन उभा राहिला. बाबा बिस्किटांचे डबे उगाच इकडचे तिकडे करू लागले. मी किल्ली घेतली आणि मागची खोली उघडली. फ्रान्सचं नवीन पिंप आलेलं होतं, त्याचं बूच कुणी काढलं नव्हतं. काढलं. वास चांगला होता, गेल्या खेपेपेक्षा भरलेला. पोर्तुगालची कमी लागणार होती. पेला तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. रागात चाखलं की आंबट जास्त आंबट लागतं, हे मी एवढ्या वर्षांत शिकले होते. तांब्याभर पाणी प्यायले आणि राग उतरायची वाट बघत उंबऱ्यावर बसले.

बराच वेळ बसावं लागलं.